पळती बत्ती

आश्रुबाला सेलूत सगळे बत्तीवाला म्हणायचे. जिंतूर रोडला व्यंकटरावांची मोठी रिकामी जागा होती, तिच्या तोंडाशी त्याची पत्र्याची टपरी. ट्रॅक्टर, जीप, ट्रक, ज्याची वायर जळली तो त्याच्याकडे. त्याचा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. आश्रुबा त्या घरातला पहिला माणूस, जो एका जागी बसून पोट भरत होता. कुणी विचारलं, काय करायलास रे, की तो म्हणायचा, "बसलोय." आणि ते असं म्हणायचा, जणू काही तहसीलदाराच्या खुर्चीत बसलाय.

पण त्याच्या डोक्यातलं बसत नव्हतं.

शहाऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. दिवाळी सरली की जिनिंगच्या कारखान्याकडं कापसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागायची. ट्रॉलीत कापूस भरायचा म्हणजे नुसता भरायचा नाही. दोन्ही बाजूंना पोती बांधून ती गाभण म्हशीसारखी फुगवायची. मागं बत्ती कुणाच्याच ट्रॉलीला नसे. वळायचं झालं की ड्रायव्हर सीटवरून निम्मा बाहेर लोंबकळून हात काढायचा, आणि तो हात त्या फुगवट्यामागं दडून जायचा. मागच्याला दिसायचा फक्त कापूस.

व्यंकटरावांच्या ट्रॅक्टरवर मुंजाजी होता. सालगडी, बोरीचा, आश्रुबाच्याच वयाचा. हात काढून काढून त्याचा उजवा खांदा उतरला होता. दुपारी तो टपरीत येऊन खांदा चोळत बसायचा.

"आश्रू, मला मागं एक बत्ती बसीव."

"एक कामून? दोन बसवतो. डावी, उजवी."

"दोनातली एक चार दिसांत फुटती. ऱ्हायती एकच. अंधार पडला की मागच्याला एकच पिवळा ठिपका लुकलुकताना दिसतो. तो डाव्या अंगाचा का उजव्या, त्यानं कसं वळखायचं? त्याला काय सपान पडतंय?"

आश्रुबा हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात घुसलं ते निघेना. भाकरी खाताना, आंघोळीला बसताना तो एकच ठिपका. त्या साली परभणीच्या उरुसात तो मांडवाखाली मान वर करून उभा राहिला. माळेतले दिवे पळत होते. दिवे तिथंच होते, पळत होता तो उजेड. मांडववाल्याच्या मागं जाऊन त्यानं बघितलं: एक लाकडी रूळ मोटारीवर फिरतोय, त्याच्यावर पत्र्याच्या पट्ट्या, आणि पट्टी टेकली की तो तो दिवा लागतोय. इतकंच! आश्रुबाला रात्रभर झोप आली नाही.

भंगारातल्या जीपची वायपरची मोटार, घरातलं मोडकं लाटणं, आणि लाटण्यावर तांब्याच्या पट्ट्या. त्याची बायको केवळाबाई म्हणाली, "माझं लाटणं?"

"मोडलंच व्हतं."

"अर्धं मोडलं व्हतं. अर्ध्यावर मी लाटत व्हते."

पंधरा दिवसांनी ट्रॉलीच्या मागं दोन्ही बाजूंना तीन-तीन पिवळ्या बत्त्या बसल्या. उजवीकडं वळायचं असलं की आतली लागायची, मग मधली, मग बाहेरची. पुन्हा आतली, मधली, बाहेरची. उजेड ट्रॉलीच्या पोटातून निघून उजवीकडं पळत सुटायचा. मुंजाजीला ट्रॅक्टरवर बसवून आश्रुबा जेवण घेऊन आलेल्या केवळाबाईला रस्त्यानं दोनशे पावलं मागं घेऊन गेला.

"काय दिसतं?"

"पिवळं कायतरी पळायलंय."

"कुनीकडं पळायलंय?"

"तिकडं. जिनिंगकडं."

"डावीकडल्या बत्त्यांवर पदर धर. म्हंजी डोळ्याम्होरं धर. आता?"

"आताबी जिनिंगकडंच."

"बस!" आश्रुबानं रस्त्यातच टाळी वाजवली. "एक बाजू दिसली तरी कळतंय!"

"येवढ्यासाठी मला उन्हात हुबं केलं व्हय?" केवळाबाई म्हणाली. पण घरी जाताना तिनं दोनदा मागं वळून बघितलं.

मग काय, समोरच्या हॉटेलात महिनाभर दुसरा विषय नाही. कप बशीत पालथा व्हायच्या आधी प्रत्येकाचं मत तयार. कुणी म्हणे, लग्नातली ट्रॉली वाटती. कुणी म्हणे, याला बायकोनं घराबाहेर काढायला पायजे. एसटीचे ड्रायव्हर सूर्यभान तेवढे मन लावून विरोधात होते. जिंतूर गाडी लावून ते खाली उतरत, चहा बशीत ओतत आणि सुरू होत.

"आश्रुबा, बत्तीनं कसं, एक शब्द बोलावा आन् गप बसावं. तुजी बत्ती कीर्तन करायलीय."

"पन कळतंय ना, कुनीकडं वळायचंय ते?"

"कळतंय. पन डोळे तिच्यामागं पळत्यात. मी बत्ती बगू का रस्ता बगू? आन् दुसरं ऐक. आमी लाईनवरची मान्सं उजवी बत्ती कवा लावतो? मागची गाडी लय येळ पीं-पीं करायली, म्होरं रस्ता मोकळा हाय, की आमी उजवी बत्ती लावून सांगतो, जा बाबा, हाय साईड. मुंबईपस्तोर हीच रीत हाय. आन् तुजी ही पळती बत्ती तर नुसतं सांगत न्हाई, हात हलवून बलवायलीय: ये, ये, ये!"

"ती तुमची रीत चुकीची हाय, मामा. वळायच्या बत्तीनं वळायचंच सांगावं."

"रीत काय तुझ्या टपरीत ठरती का?"

हॉटेल हसलं. आश्रुबा नाही हसला. त्याला वाटायचं, चांगली वस्तू लोकांपुढं ठेवली की लोक आपोआप शहाणे होतात. हा त्याचा भाबडेपणा नव्हता, गर्व होता. फरक पुढं कळला.

व्यंकटरावांना बत्ती भलतीच आवडली. पण त्यांचं मत वेगळं. "जिल्ह्यात दुसऱ्या कुनाच्या ट्रॉलीला हाय का?" ते विचारायचे. नाही म्हटलं की खूष. पुतणीच्या लग्नात वरात निघाली तेव्हा त्यांनी ट्रॉलीच्या दोन्हीकडच्या बत्त्या चार तास पळत्या ठेवल्या. आश्रुबा धावत गेला.

"मालक, वळायचं नस्ताना लावू नगा. लोकांचा इश्वास उडतो."

"बत्ती कुनाची?"

"तुमची."

"जागा कुनाची?"

आश्रुबा परत आला.

मुंजाजीचं मात्र अवघड. बत्ती लावायचा आणि वर हातही काढायचा. महिनाभर दोन्ही. आश्रुबाला ते टोचायला लागलं. जिनिंगच्या फाटकात एक दिवस त्यानं मुंजाजीला चारचौघांत धरलं.

"आता कामून हात काढतोस? बत्ती सांगती ना!"

"सवय हाय रे."

"सवय न्हाई. माझ्या बत्तीवर इश्वास न्हाई तुझा. त्या सूर्यभानमामाचं ऐकून आलास."

"तसं न्हाई आश्रू—"

"मग नगं काढू हात. खांदा उतरलाय का न्हाई? त्याच्यासाठीच केली ना?"

दोस्ताचा मान म्हणून मुंजाजीनं हात काढणं सोडलं.

पुढच्या हंगामातली, मार्गशीर्षातली संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ. आश्रुबा टपरी आवरत होता, तेवढ्यात हॉटेलातला माणूस ओरडत आला, "बत्तीवाले, पळा! राव मालकाची ट्रॉली!"

जिनिंगच्या वळणावर सगळा रस्ता पांढरा झाला होता. ट्रॉली आडवी पडलेली, कापूस रस्त्यावर गुडघाभर, आणि त्या कापसात एक काळीपिवळी जीप नाकापर्यंत घुसलेली. लेकीकडून परत निघालेली चुडाव्याची एक म्हातारी जीपमध्ये पुढं बसली होती. तिला कापसावरच आडवं केलं होतं. ती गेलीच होती. मुंजाजी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला होता, कपाळातून रक्त, आणि येईल त्याला एकच सांगत होता, "लावली व्हती. म्या लावली व्हती."

"त्यानं साईड दिली," जीपचा ड्रायव्हर म्हणत होता. "बत्ती बलवायली व्हती मला. जा म्हणायली व्हती."

आणि आडव्या पडलेल्या ट्रॉलीच्या मागं, कापसाच्या ढिगातून, त्या तीन बत्त्या अजून पळत होत्या. आतली, मधली, बाहेरची. ट्रॉली आडवी झालेली, म्हणून उजेड आता उजवीकडं नाही, आभाळाकडं पळत होता.

आश्रुबाला पहिल्यांदा काय वाटलं, हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, एवढ्या दणक्यातही चालू आहे! म्हातारी त्याला नंतर दिसली.

व्यंकटराव दहा मिनिटांत आले. त्यांनी मुंजाजीला दवाखान्यात धाडलं, जीपच्या मालकाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, आणि मग आश्रुबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोलीस यायच्या आदी ती बत्ती काढ."

"मालक, बत्ती तर चालू व्हती. मुंजाचा कसूर न्हाई. बगा, आजून पळायलीय."

"म्हणूनच म्हणतो. कुनाच्या ट्रॉलीला बत्ती नसती. मपल्याबी नव्हती, कोन इचारनार? पन घरी केल्याली बत्ती व्हती म्हटलं, की पैला सवाल: केली कुनी? पास केली कुनी? इम्यावाला हात वर करनार. मी अडकनार. आन् माझ्या आदी तू अडकनार. म्हातारी मेलीय, आश्रुबा. तुझ्या बत्तीनं बलवून मेलीय, आसं जीपवाला म्हणायलाय."

"आन् मुंजा?"

"त्याला मी सोडवीन. तो मपला मानूस हाय."

आश्रुबानं खटका बंद केला. चार-चार नट. पाना त्याच्या खिशातच होता. बत्त्यांच्या दोन्ही फळ्या त्यानं रिकाम्या पोत्यात घातल्या. जीपचा ड्रायव्हर हे बघत होता. मग त्यानं जीपच्या मालकाकडं बघितलं, आणि मग खाली कापसाकडं. तोवर त्यालाही कळलं होतं, की पुढच्यानं बत्ती लावलीच नव्हती असं झालं तर बरंच आहे. बत्ती दाखवलेल्या गाडीत घुसणाऱ्याला काय उत्तर असतं?

जमादार आले. पंचनामा सुरू झाला.

"तू याची वायरिंग बघतोस ना? ट्रॉलीला मागं बत्ती होती?"

"न्हाई साहेब."

जमादार लिहायला लागले. आश्रुबानं तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण तो म्हणाला, "कुनाच्याच ट्रॉलीला नसती, साहेब." हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

घरी पोतं बघून केवळाबाईनं विचारलं, "ह्यात काय हाय?"

त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी जाऊन खरं सांगून या."

"आन् टपरी कुटं मांडू? तुझ्या डोक्यावर?"

त्या दिवसापासून तिनं टपरीवर भाकरी आणून देणं बंद केलं. तो घरी येऊन खायचा.

खटला दोन वर्षं चालला. मुंजाजी कोर्टात म्हणाला, "म्या बत्ती लावली व्हती." सरकारी वकील म्हणाले, "कुठली बत्ती? कापसाच्या ट्रॉलीला बत्ती?" लोक हसले. गावातल्या निम्म्या लोकांनी ती बत्ती डोळ्यांनी बघितलेली, तिच्यावर महिनाभर चहा प्यालेली, आणि तेही हसले. आश्रुबाला पिंजऱ्यात बोलावून जबाब वाचून दाखवला. बरोबर आहे का? बरोबर आहे. सूर्यभानमामांना कुणी बोलावलंच नाही, आणि तेही आपण होऊन गेले नाहीत. मोडीत निघालेल्या बत्तीसाठी नोकरीची माणसं कोर्टाची पायरी चढत नसतात.

"मग हात काढला होतास का?" वकिलांनी शेवटी विचारलं.

मुंजाजीनं आश्रुबाकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. का नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

इशारा न देता वळला. सहा महिने. लायसन गेलं. व्यंकटरावांनी त्याला सोडवलं म्हणजे कामावरून सोडवलं.

आश्रुबाची टपरी राहिली. राहिली काय, वाढली. पत्रा जाऊन विटा आल्या. तीन-चार वर्षांत ट्रकवाल्यांना पळत्या बत्त्यांचं वेड लागलं. काचेभोवती, देवाच्या तसबिरीभोवती, मागं नावाच्या पाटीभोवती. नऊ-नऊ दिव्यांच्या, लाल, हिरव्या, उलट पळणाऱ्या, मधून फुटून दोन्हीकडं जाणाऱ्या. नांदेडहून ट्रक यायचे. सूर्यभानमामा रिटायर होऊन हॉटेलात बसायचे, ते म्हणायचे, "आता कशी ग्वाड दिसती. काई सांगत न्हाई ना, म्हणून." आश्रुबा मान डोलवायचा. वळायच्या बत्तीला मात्र तो हात लावत नसे. तेवढं दुसरीकडं बघा, म्हणायचा.

मुंजाजी लोकांची शेरडं राखायला लागला. रस्त्यानंच जायचा. समोर आला की आश्रुबा टपरीत खाली वाकायचा. तिथं नेहमी काहीतरी पडलेलंच असायचं.

आठ वर्षं अशी गेली. विद्यापीठाच्या नामांतराचा शेवटी निकाल लागला, त्या संक्रांतीला सगळ्या मराठवाड्याचा श्वास अडकलेला. नाक्यावर पोलिसांची गाडी. एसट्या बंद, ट्रक जागच्या जागी. आश्रुबाच्या दुकानात अडकलेले चार ड्रायव्हर बाकड्यावर, आणि खुर्चीत व्यंकटराव. बाहेर काय होतंय याचा अंदाज घेत, वाटीतला तिळगूळ चघळत.

मुंजाजी रस्त्यापलीकडं शेरडं बायकोपाशी सोडून आला आणि दुकानाच्या कडेला, जुन्या टायरपाशी उभा राहिला. आश्रुबाला खाली वाकायला वेळ मिळाला नाही. तो बाहेर आला.

"काय रं, मुंजा?"

"एक इचारायचं व्हतं." मुंजाजीचा आवाज उतरला होता. "राग नगं धरू."

"बोल."

"आठ साल झाले, समदे म्हणत्यात लावली न्हवती. कोरटानं म्हटलं. सरजा म्हणती, डुलकी लागली आसंल तुमाला. रोज म्हणती. कालवण खारट झालं तरी तीच म्हणती, तुमाला काय कळतंय, तुमी तर बत्ती लावायची इसरलात, मानूस मारलं. आता मलाच आठवंना झालंय, आश्रू. बोटाला खटका आठवतो. पन तो त्या दिवसाचा का दुसऱ्या कंच्या दिवसाचा, काई कळंना. खरंच डुलकी लागली का काय? तू गेला व्हतास तिथं. पळायली व्हती का बत्ती?"

आश्रुबानं आत बघितलं. व्यंकटराव ड्रायव्हरांना काहीतरी सांगत होते.

"व्हय," तो म्हणाला.

"काय?"

"पळायली व्हती. मीच बंद केली."

आश्रुबानं डोळे मिटून घेतले. आता हा नरडं धरील, शिवी देईल. त्याला ते हवंच होतं, आठ वर्षांपासून हवं होतं. पण मुंजाजी टायरवर खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पुसतच राहिला. त्याचा चेहरा उघडा झाला, तो एकदम तरुण दिसला.

"म्हंजी डुलकी न्हाई."

"न्हाई."

"म्या मारलं न्हाई म्हातारीला."

"न्हाई."

मुंजाजी उठला आणि रस्त्याकडं तोंड करून हाक मारली, "सरजे! ये सरजे, जरा इकडं ये!" मग घाईघाईनं आश्रुबाकडं वळला. "कोरटाला न्हाई, पोलिसाला न्हाई. मला काय लायसन बियसन नगं. फकस्त हिला सांग. आत्ता मला बोललास तेवढंच. घरात ऐकून घेता येईना रे."

सरजाबाई शेरडांना हाकत आली. उंच, आवाजानं खडी. तिला एक गोष्ट सांगितली की ती नाक्यापर्यंत पोचायला तिचा गळाच पुरायचा, हे सेलूत सगळ्यांना माहीत. आत व्यंकटरावांचं बोलणं थांबलं होतं. ते खुर्चीतूनच बाहेर बघत होते.

"काय हाय?" सरजाबाईनं विचारलं. "शेरडं पांगतील. काय म्हणत्यात भाऊजी?"

मुंजाजी आश्रुबाकडं बघत होता. हसत होता, देवाशप्पथ हसत होता.

"काई न्हाई, वैनी," आश्रुबा म्हणाला. "जुन्या बत्तीचं इचारत व्हते."

"आजून तेच?" सरजाबाई नवऱ्याकडं वळली. "संक्रांतीच्या दिवशीबी? बत्ती न्हवतीच, म्हणून सांगितलं ना ह्यांनी कोरटात! ह्यांच्यापरीस जास्त तुमाला ठावं? चला, शेरडं वळवा."

मुंजाजीच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते जायचं विसरल्यासारखं तिथंच राहिलं. मग त्यानं काठी उचलली आणि तो बायकोच्या मागं चालायला लागला, उतरलेल्या खांद्यानं, रस्त्याच्या कडेकडेनं.

आश्रुबा आत आला.

"काय म्हणत व्हता रं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"तिळगूळ मागायला आला व्हता."

"दिलास का?"

"दिला," आश्रुबा म्हणाला.